बगळा छाप साबण आणि माझे चार साक्षीदार

गुप्त गोष्ट कशी सांभाळावी हे कोणाला शिकायचं असेल, तर त्यानं खुशाल माझ्याकडे यावं! अमडापूरच्या शाळेत मी मुलांना बाराखडीपासून त्रैराशिकापर्यंत सगळं शिकवलं. पण गुपित सांभाळण्याची जी पद्धत मी स्वतः शोधून काढली, तिला तोड नाही. चोर घरात शिरला, सगळी मडकी उपडी केली, तरी त्याला काही सापडणार नाही! आता ती पद्धत वापरल्यावर काय झालं, तेही सांगतो. चुकलेलं गणित मी लगेच पुसत नाही, थोडा वेळ फळ्यावर राहू देतो. त्यातून मुलं जास्त शिकतात.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शेजारी जानराव राहायचा. साधा शेतकरी माणूस. एकदा खामगावला तेलाच्या मिलवर भुईमुगाच्या शेंगा विकायला गेला. गाडी रिकामी होईपर्यंत बसल्या बसल्या काहीतरी गुणगुणला, आणि मिलच्या शेठनं ते चक्क भिंतीवर रंगवून घेतलं!

'आमचं तेल, घरोघरी गेलं!'

मी विचारतो, याला काय यमक म्हणायचं? तेल आणि गेलं! माझ्या तिसरीतल्या मुलानं असं लिहिलं असतं, तर मी त्याला प्रेमानं जवळ बसवून पुन्हा लिहायला लावलं असतं. पण ती भिंत नेमकी एस.टी. स्टँडच्या वाटेवर! खामगावहून येणारा प्रत्येक जण मला गाठून सांगायचा, "गुरुजी, तुमच्या जानरावची भिंत पाह्यली!" तुमच्या जानरावची! जसं काही मीच त्याला चारा-पाणी घालून वाढवला होता!

परक्यांचं सोडा. आमच्या सौभाग्यवती सिंधूताईसुद्धा भाकरी थापता थापता म्हणायच्या, "जानरावभाऊची शाळा नाई, काई नाई, पण बोल कसा भिंतीवर चढला पाहा! तुमी एवढे शिकलेले, तुमचा एक तरी शब्द कुठं चढला का?"

"माझे शब्द रोज फळ्यावर चढतात!"

"आन् रोज पुसल्या जातात!"

मग मला दुधी भोपळ्याची भाजीसुद्धा तिखट लागायची. दुसऱ्याचा मत्सर करू नये, असं मी मुलांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण जानराव बैलांना पाणी पाजताना शीळ घालायला लागला, की माझ्या पोटात चुन्याची भट्टी पेटायची. या माणसाला दुसरी ओळ तर सुचली नाही? मी उखळ पालथं घालून त्यावर चढायचो आणि मधल्या भिंतीवरून हळूच डोकावायचो. बहुतेक वेळा तो दात कोरत बसलेला असायचा. तरी मला वाटायचं, विचार करतोय!

अशात एक दिवस जानरावच्या बायकोनं, कलाबाईनं, धोतर वाळत घातलं. असं पांढरंशुभ्र, की डोळे दिपावेत! सिंधूताईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "कोणता साबण व कलाबाई?"

"असाच व माय, घरातला," असं म्हणून कलाबाई आत गेली.

सांगितलं नाही! सिंधूताई पाय आपटत घरात आल्या, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली!

'बगळा छाप साबण! शेजारीण विचारील, सांगू नका!'

पाहा बरं! साबणाचं नाव सोडलं, तर चारच शब्द. पण त्यात साबणाचा गुण आला, बाईचा मान आला, शेजारणीची फजिती आली! बगळा छाप ही मुंबईची बडी कंपनी. कर्णा लावलेली तिची जाहिरातीची मोटार गावोगावच्या बाजारात फिरायची आणि पुढच्या बाजाराला अमडापुरात येणार होती. साहेबाला बोल ऐकवायचा, कंपनीनं तो गावोगावच्या भिंतींवर लिहायचा, आणि मग सिंधूताईंना घेऊन एस.टी.नं सगळ्या भिंती दाखवत फिरायचं! बगळ्यानं नाही घेतला, तर चहाची कंपनी होती, बॅटरीची कंपनी होती. शेजारीण काय, सगळीकडेच असते!

पण बाजाराला अजून आठवडा होता. तोवर बोल जपायचा कसा? चिखलीच्या कचेरीपुढे बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे भगवंतराव माझे स्नेही. त्यांना विचारलं.

"गुरुजी, जपून!" ते म्हणाले. "मोठ्या कंपनीवाले आधी ऐकून घेतात. मंग म्हणतात, हे तं आमाले कवाचंच सुचलं होतं!"

"मग काय करावं?"

"साक्षीदार ठेवा. मोटार येन्याच्या आधीपासून बोल तुमचा हाय, हे ज्याले माहीत हाय असा. पण फुटणारा नको!"

न फुटणारा साक्षीदार, आणि अमडापुरात? इथे नारळाआधी बातमी फुटते! शिवाय ज्याला बोल कळला, तो जानरावला सांगणार नाही कशावरून? मी विचार करकरून थकलो, आणि मग मला माझी जगावेगळी पद्धत सुचली. बोल एकाला सांगायचाच नाही. चार जणांत वाटायचा! प्रत्येकाजवळ एकच शब्द. पूर्ण बोल कोणालाच ठाऊक नाही, आणि वेळ आली की चौघे मिळून एक पक्का साक्षीदार! आणि असे विश्वासाचे चार जण कोण? माझ्या चौथीतली मुलं!

कोकिळाला दिला 'शेजारीण'. इंद्रभानला 'विचारील'. अर्जुनला 'सांगू'. आणि रुख्मीला 'नका'. एकेकाला वेगळं चिंचेखाली नेऊन कानात सांगितलं.

"बाळ, हा शब्द तुझ्याजवळ ठेव म्हणून दिलाय. तो कोणासमोर उच्चारायचा नाही!"

"आईसमोर बी नाई, गुरुजी?"

"आईसमोरसुद्धा नाही!"

"कोनं मारलं तं?"

"मारलं तरी नाही!"

मुलं इतकी गुणी, इतकी आज्ञाधारक, की काय सांगू! तिथेच घोळ झाला.

रुख्मीचे आजोबा चहात साखर समजून मीठ टाकत होते. रुख्मी धावत गेली. "आबा! आबा! टाकू..." आणि थांबली. पुढचा शब्द ठेवीतला होता!

"काय व, काय टाकू?"

"काई नाई, आबा."

आबा चहा प्यायले. मग त्यांनी जे काही टाकलं, ते अंगणभर टाकलं!

अर्जुनची आई त्याला दटावत म्हणाली, "सांगू का तुह्या बापाले?" तर हा किंचाळला, "आई, तो सबूद माहा हाय! तू काऊन घेतला?" आईला वाटलं, पोराला बाहेरची बाधा झाली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारपाजारची चार घरं खोकत बाहेर आली!

बिचारा इंद्रभान मात्र कष्टी. आमच्याकडे 'विचारील' असं म्हणतंच कोण? सगळे 'इचारन' म्हणतात. त्यामुळे शब्द दडवायची वेळच येईना! शेवटी तो आपण होऊन दारोदार सांगत सुटला, "माह्याजवळ गुरुजीचा एक सबूद हाय, पण मी सांगत नसतो!"

पण खरा भडका उडाला कोकिळाच्या घरी. तिची आजी गोजरबाई बाजारात भाजी विकायची. तिच्या टोपलीत भाजी कमी आणि बातम्या जास्त! तिनं नातीला विचारलं, "काव, आपली चाळणी कोनं नेली?"

"ते... बाजूच्या घरातल्या बाईनं."

"मंग शेजारीण म्हन ना सरळ!"

"तसं म्हनता येत नाई, आजी. गुरुजीनं मना केली."

"काऊन व?"

"गुरुजीची गुप्त गोष्ट हाय. मारलं तरी सांगायची नाई."

झालं! चुलीवरची भाकरी करपायच्या आत गोष्ट विहिरीवर पोचली. विहिरीवरून निघाली तेव्हा ती अशी झाली होती: गुरुजींची शेजारणीसंगं काहीतरी गुप्त गोष्ट आहे! आणि माझी शेजारीण कोण? कलाबाई!

संध्याकाळी घरी आलो, तर सिंधूताईंनी ताट असं आदळलं, की भाकरीनं उडी मारली.

"काय झालं?"

"मी काऊन सांगू? जा ना, इचारा शेजारणीले!"

"कोणत्या शेजारणीला?"

"जिच्यासाठी उखळावर चढता तिले! मले वाटे, मास्तर उंच होऊन हवा खाऊन राह्यले!"

हे राम! माझं डोकावणं त्यांनी पाहिलं होतं! आता काय सांगू? जानराव दात कोरतो, ते पाहायला चढतो म्हणून? कोण विश्वास ठेवील?

तेवढ्यात जानरावच दारात. कधी नव्हे ते तोंड पाडून.

"गुरुजी, तुमी देवमाणूस. पण कलाबाई रडून राह्यली. म्हंते, धोतर वाळू घालाले निंगाव का नाई, ते सांगा."

सिंधूताईंनी पिशवी काढून दोन लुगडी भरली. "मी चालली माहेरी, धाड गावाले!"

आता पाहा माझी पंचाईत! बोल सांगावा, तर जानरावच समोर उभा! न सांगावा, तर सिंधूताई एस.टी.त! मी एक क्षणच थांबलो. पण तो क्षणही सिंधूताईंनी पाहिला आणि पिशवीत तिसरं लुगडं भरलं!

बोल फुटला तर फुटो, असं ठरवून सकाळी मी गावाला मारुतीच्या पारावर बोलावलं. सरपंच पंजाबराव मध्ये बसले. एका बाजूला सिंधूताई, पिशवीसकट. दुसऱ्या बाजूला जानराव आणि कलाबाई. मी चार मुलांना ओळीनं उभं केलं.

"बाळांनो, आता आपापला शब्द मोठ्यानं सांगा."

चौघांनी तोंडावर हात ठेवले.

"अरे, सांगा!"

"नाई, गुरुजी," कोकिळा म्हणाली. "तुमीच म्हनलं, मारलं तरी सांगायचं नाई."

"पण मी स्वतःच सांगतोय ना!"

"तुमी परीक्षा घेऊन राह्यले, आमाले कळते!" इंद्रभान म्हणाला.

पारावर हशा पिकला. मी समजावलं, विनवलं, शेवटी हात जोडले. गुरुजींनी हात जोडलेले पाहून रुख्मीला रडू आलं आणि ती ओरडली, "नका!"

"हं, पुढे!"

"शेजारीण!" "सांगू!" "विचारील!"

"पाहा, पाहा!" गोजरबाई उठून उभी राहिली. "शेजारणीचं नाव आलंच!"

मी धावत जाऊन मुलांची अदलाबदल केली, आणि मग एकापाठोपाठ एक खणखणीत शब्द निघाले: "शेजारीण! विचारील! सांगू! नका!"

सुरुवातीचं 'बगळा छाप साबण' मी स्वतः जोडलं, आणि कलाबाईच्या धोतरापासून सगळी हकीकत सांगितली.

पंजाबरावांनी मांडीवर थाप मारली. "वा गुरुजी! काय बोल हाय!" बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. कलाबाई लाजून म्हणाली, "बगळा छापच हाय व सिंधूबाई, आता घ्या!" सिंधूताईंनी पिशवी माझ्या हातात दिली, आणि, वाचकहो, त्या माझ्याकडे पाहून हसल्या! आणि जानराव? तो चकित होऊन म्हणाला, "गुरुजी, असं मले जन्मात सुचलं नसतं!" माझ्या पोटातली भट्टी एकदम गार झाली. वाटलं, आता फक्त भिंत बाकी!

बाजाराच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून निघालो. मोटार चिंचेखाली उभी. कंपनीचा साहेब पँटीला लागलेली धूळ झाडत होता.

"नमस्कार, साहेब. मी आपल्या साबणासाठी एक बोल..."

"काटेरी वांगे घ्या व बाई!" मागून गोजरबाई ओरडली. "शेजारीण विचारील, सांगू नका!"

"बांगड्या भरा! शेजारीण विचारील, सांगू नका!"

"गरम भजे! शेजारीण विचारील, सांगू नका!"

एक म्हातारा तर म्हैस विकताना तेच म्हणत होता! इतकी मोठी म्हैस शेजारणीला न सांगता कशी लपवायची, ते तोच जाणे!

साहेब खूश झाला. "काय गोड रीत आहे तुमच्या भागात! पिढ्यान् पिढ्या चालत आली असेल, नाही?"

"गेल्या आठवड्यातच केलीय! मी केलीय!"

"तुम्ही फार विनोदी आहात, गुरुजी!"

"माझ्याजवळ साक्षीदार आहेत!" मी ओरडलो.

त्याबरोबर सगळा बाजार पुढं धावला. "मी साक्षीदार!" "मी बी साक्षीदार!" म्हैसवालासुद्धा आला, म्हशीला घेऊन!

साहेब हसून म्हणाला, "सगळ्या बाजाराला जे पाठ आहे, ते एकट्याचं कसं म्हणायचं, गुरुजी?"

जानरावला राहवलं नाही. "नाई साहेब, देवाची आन! हे गुरुजीचंच हाय. माह्या बायकोपायी सुचलं त्यायले!"

पुन्हा हशा! मदत केली, पण केवढ्याला पडली!

"असेल," साहेब म्हणाला. "पण आता मी हे कर्ण्यावर म्हटलं, तर लोक वांग्यांकडे धावतील. मला काहीतरी नवीन हवं. सोपं."

जानरावनं कान खाजवला. "सोपं म्हंजे... 'बगळा साबण, लय पांढरा!' असं म्हना ना."

"वा!" साहेबानं टाळी वाजवली. "हेच! हेच रंगवू भिंतींवर!"

यमक नाही, अर्थ नाही! निदान 'तेल-गेलं'मध्ये ल तरी सारखा होता! पोटातली भट्टी दुप्पट पेटली.

साहेब माझ्याकडे वळला. "गुरुजी, मुलं मोटारीमागून हा बोल म्हणत गावातून फिरली तर बहार येईल. तेवढा पाठ करून घ्याल?"

मी ठरवलं, पाठ करून घ्यायचा, पण असा कच्चा, की मोटार गावाबाहेर जाईपर्यंत मुलं विसरावीत! शाळेच्या ओट्यावर पहिल्यांदा मुलांनी तो नाकातल्या नाकात म्हटला. छान, असंच राहू द्या, मी मनात म्हटलं. पण रुख्मी 'ढ' गिळत होती हो! मी दुसरीकडे पाहिलं. तिनं पुन्हा गिळला.

"बाळ, ढ पोटातून काढ! पां-ढ-रा! आणि इंद्रभान, 'साबण' म्हणून जरा थांब. श्वास घे. मग 'लय'वर जोर दे. हं, आता सगळे मिळून!"

मोटार निघाली. मुलांचा आवाज थेट शिवेपर्यंत ऐकू येत होता, स्पष्ट, एका सुरात. सिंधूताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"काई म्हना," त्या म्हणाल्या, "जानरावभाऊचा बोल कसा खणखणीत वाटते, नाई?"

वाटणारच! मी शिकवलाच तसा होता!