पाकिटातलं हसू

तीस वर्षं फोटोवाल्याने गिऱ्हाइकांना "हसा!" म्हटलं, पण स्वतः कधी तोंड उघडून हसला नाही. समोरचा एक दात तरुणपणीच गेलेला आणि शेजारच्या दोघांनी ती जागा बळकावलेली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी शेजाऱ्यांना मागे सारू, मग तिथे नवा बिऱ्हाडकरू पक्का बसवू." म्हणून दातांवर ते हळूहळू सरकवणारी, प्लास्टिकच्या खोळीसारखी पारदर्शक अलाइनर चढली. लग्नाच्या फोटोतही गडी ओठ मिटून उभा. आता बायकोबरोबर दात दाखवून एक तरी फोटो काढायचाच, या स्वप्नात तो दिवसभर तरंगत असे.

त्या दुपारी असाच तरंगत त्याने चहासाठी अलाइनर काढली. काउंटरवर उतरतं ऊन सांडलं होतं, डोळ्यांसमोर तो फोटो होता. हाताने मात्र सवयीने समोरची बारकी वस्तू पासपोर्ट फोटोच्या पाकिटात सारली आणि वर शिक्काही मारला.

"अगं, माझी अलाइनर कुठाय?"

"आधी तोंडात बघा," बायको म्हणाली.

दुकान पालथं घातलं. मग बायकोनेच कपाळाला हात लावला. "पलीकडच्या शिलाईवाल्या आजी आत्ता त्यांच्या फोटोंचं पाकीट घेऊन गेल्या. मीच दिलं हो!"

"झालं! रोज बावीस तास तोंडात राहिली नाही तर शेजारी परत सरकतील. गेला आपला फोटो!"

दोघं धावत सुटले. आजी मशीनपाशी आरशासमोर बसल्या होत्या, हातात अलाइनर.

"बरं झालं आलात. हे काही मला बसत नाही बाई."

"आजी, तुम्ही... घालून पाहिलीत?"

"मग काय! फोटो काढताना सारखं 'हसा, हसा' चाललेलं तुमचं. माझ्या तोंडाचं हे बोळकं. म्हटलं, माणूस भला, फोटोबरोबर हसायची सोयही करून दिली!"

फोटोवाल्याने अलाइनरकडे पाहिलं, आजींच्या बोळक्याकडे पाहिलं आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेचना. बायकोने झटकन मोबाइल आजींच्या हातात कोंबला आणि नवऱ्याला खेटून उभी राहिली.

"काय दाबू? हे?" म्हणत आजींनी दाबलं.

फोटो वाकडा आला होता, अर्धी भिंतच होती. फोटोवाला डोळे पुसत म्हणाला, "माझे दात दिसतायत का गं?"

बायकोने मोबाइल जवळ धरून नीट पाहिलं.

"दिसतायत की. एक सोडून सगळे."