लाल रेघेची ग्रेड

दुपारी दीड ते दोन ही ग्रेडर प्रफुल्ल देशकरची जेवणाची सुटी. त्यातली सात मिनिटं तो जेवत असे आणि उरलेली तेवीस मिनिटं शेडच्या फरशीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून, दहा फुटांवरून त्यात गोल्फचा चेंडू घालायचा प्रयत्न करत असे. चेंडू पेल्यापर्यंत जाई, जरा विचार केल्यासारखा थबके आणि डावीकडून निघून जाई.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस खरेदी करणाऱ्या खाजगी कंपनीचा तो ग्रेडर. शेतकऱ्यानं गाडी खाली केली की ढीग बघायचा, मूठभर कापूस उचलून दोन अंगठ्यांत धागा ओढायचा, ओल किती, कवडी म्हणजे किडका कापूस किती ते पाहायचं आणि पहिली, दुसरी की तिसरी प्रत ते सांगायचं. हे काम तो अकरा वर्षं प्रामाणिकपणे करत होता आणि अकरा वर्षांत एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसलेला नव्हता. दुसरी प्रत मिळालेला माणूस त्याच्या खानदानाचा उद्धार करी. पहिली मिळालेला घरी जाऊन म्हणे, यात काहीतरी डाव दिसते.

बायको उर्वशी नागपूरला शाळेत शिक्षिका होती आणि मुलगी निकिता तिच्यापाशी. प्रफुल्ल शनिवारी एसटीनं सहा तास हाडं मोजत जाई आणि रविवारी तीच हाडं पुन्हा मोजत परत येई. सहा वर्षांची निकिता अलीकडे त्याला ‘शनिवारचे बाबा’ म्हणू लागली होती. बाकीच्या वारांना कोण असतं, असं शेजारणीनं एकदा हसत विचारलं, तेव्हा उर्वशी हसली नाही. बदलीचा अर्ज तीन वर्षं नागपूर ऑफिसात वझलवार साहेबांच्या टेबलावर पडून होता.

म्हणून दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सहज विचारलं, की आपल्यापैकी गोल्फ कोणाला येतं, तेव्हा प्रफुल्लचा हात वर गेला. तो त्यानं नेला नाही, तो गेला. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी नागपुरात कापूसवाल्यांचे जोडीचे सामने असत आणि साहेबांच्या जोडीदाराची कंबर धरली होती. साहेब खूश झाले. म्हणाले, लांबचे फटके मी मारीन, तू फक्त जवळ आलेला चेंडू खड्ड्यात ढकल. बदलीचं काय ते रविवारी संध्याकाळी बसून बोलू.

आत ढकलणं प्रफुल्लला फारच सोपं वाटलं. पटर नावाची ती काठी त्यानं नागपुरातून जुनी मिळवली, आणि महिनाभरात चेंडू एकदाही पेल्यात गेला नाही. मग दुबईतला मेहुणा गोपाल मदतीला आला. त्यानं काडेपेटीएवढी एक डबी पाठवली. ती पटरच्या बुडाशी बसवायची, बटण दाबायचं, की फरशीवर लाल उजेडाची एक सरळ रेघ पडे. रेघ खड्ड्यावर धरायची आणि त्याच रेघेनं मारायचं, एवढंच. पहिल्याच दिवशी प्रफुल्लच्या लक्षात आलं, की ज्याला तो आजवर सरळ समजत होता ते दोन वीत डावीकडे होतं. चाळिशीच्या माणसानं ही माहिती एकट्यानं पचवणं कठीण असतं.

तो दोन हजार सहाचा हंगाम होता. कापसाचं जे काही व्हायचं होतं ते होऊन चुकलं होतं आणि त्याचा अभ्यास करायला जिल्ह्यात दर आठवड्याला कुठलं ना कुठलं पथक येत होतं. कोणी मातीत नळ्या खुपसत, कोणी पानांचे फोटो काढत, कोणी शेतकऱ्याला खाटेवर बसवून रोज किती तास झोपता ते विचारत. त्यामुळे लोकांना नव्या यंत्राचं नवल उरलं नव्हतं. यंत्र दिसलं की ते आपल्यासाठीच आहे, असं ते धरून चालत.

एका मंगळवारी देवसिंग नावाच्या शेतकऱ्यानं सुटीतच गाडी खाली केली आणि ढिगाला टेकून बसला. प्रफुल्लनं रेघ पेल्यावर धरली, चेंडू मारला, तो डावीकडून निघून गेला. प्रफुल्लनं कपाळावर हात मारला, तशी काठी फिरली आणि लाल रेघ देवसिंगच्या कापसावर चढली. मग दोन वाजले म्हणून प्रफुल्ल तसाच ढिगापाशी आला, धागा ओढला आणि म्हणाला, “पहिली.”

कापूस खरंच पहिल्या प्रतीचा होता. पण मागच्या साली देवसिंगला दुसरी मिळाली होती, आणि मधे नवं असं काय घडलं होतं तर ती लाल रेघ. देवसिंग फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेला. एक कप चहात जेवढं सांगता येतं तेवढं त्यानं सांगितलं.

पुढचा ढीग मानीबाईंचा. आठ एकरांचा कारभार एकटीनं हाकणारी आणि बैलाशी बोलते त्याच आवाजात सर्वांशी बोलणारी बाई. प्रफुल्लनं कापसाला हात घातला तसा त्यांनी तो मनगटाला धरून बाजूला केला.

“लाईट लाव पह्यले.”

“मावशी, ते कापसाचं नाही.”

“देवसिंगच्या कापसाले लावते, मंग मायाच कापसाले काहून नाही?”

“अहो, तो खेळ आहे. गोल्फ म्हणतात.”

मानीबाईंनी त्याला टकलापासून बुटापर्यंत पाहिलं. “एवढा बाप्या मानूस, अन् कामाच्या जागी काठी घेऊन खेळते? मले येडी समजून राह्यला का तू?”

मागं साठ गाड्या उभ्या होत्या. प्रफुल्लच्या डोळ्यांपुढं दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र आलं: शेतकरी उन्हात, ग्रेडर खेळात. त्या साली कॅमेरा घेतलेला माणूस कापसाच्या गाडीपेक्षा लवकर सापडे. खरं सांगितलं तर नोकरी जाणार आणि खोटं बोलायची तर गरजच नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं. तो गप्प राहिला आणि त्यानं बटण दाबलं.

मानीबाईंना दुसरी मिळाली. प्रफुल्ल शिव्यांच्या तयारीनं उभा राहिला, पण बाई मान हलवून म्हणाल्या, “बरोबर हाये. खालचा कापूस मीच ओला भरलता. लाईटले दिसलं.”

अकरा वर्षांत त्याच्या अंगठ्यांना कोणी असं म्हटलं नव्हतं.

बुधवारी लोकांनी नियम बसवले. रेघ स्थिर राहिली तर पहिली, हलली तर दुसरी. हात तर प्रफुल्लचा होता आणि तो संतापानं थरथरत असे. म्हणून पहिल्या प्रतीचा कापूस आला की तो श्वास रोखून धरी आणि दुसऱ्या प्रतीच्या कापसापुढं मुद्दाम हात हलवी. गुरुवारी एकानं हरकत घेतली, की देवसिंगच्या वेळेस गोटीपण मारली होती, आमच्या वेळेस अर्धंच मशीन चालवून राह्यले. तेव्हापासून प्रत्येक ढिगावर एक चेंडू मारणं आलं. दिवसाला दोनशे फटके; एवढा सराव नागपुरात कोणी करत नसेल. फक्त निशाण बारा फूट रुंद होतं आणि ते कधी चुकत नव्हतं.

भांडणं बंद झाली. आर्णी, दारव्हा, पुसदकडच्या गाड्या आपापले बाजार सोडून दिग्रसला येऊ लागल्या आणि रांग रस्त्यावर गेली. प्रफुल्लला जेवायला सात मिनिटंसुद्धा उरली नाहीत आणि पेला आता फक्त पाणी प्यायच्या कामी येऊ लागला.

सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता, एक चेंडू ढिगात शिरला तो बाहेर आलाच नाही. मजुरांनी ढीग तसाच उचलून मोठ्या गंजीवर टाकला होता. जिनिंगचे मॅनेजर बबनराव धावत आले. कापसातून टणक वस्तू जिनमध्ये गेली तर ठिणगी पडते आणि ठिणगीनंतर जिनिंगची फक्त जागा उरते. त्यांनी मशीन बंद केली आणि विचारलं, वस्तू दिसते कशी?

“पांढरी,” प्रफुल्ल म्हणाला. “गोल.”

बबनरावांनी नव्वद क्विंटल कापसाच्या गंजीकडे पाहिलं. मग प्रफुल्लकडे पाहिलं. मग ते खुर्ची शोधून बसले. “दुसरा कलर नव्हता का भाऊ दुकानात?”

चाळीस बाया आणि रांगेतले सगळे शेतकरी मूठ मूठ कापूस चाचपू लागले. चार तास मशीन बंद राहिली. बंद मशीनची बातमी नागपूरला गेली आणि तीनला वझलवार साहेबांची गाडी फाटकातून आत आली. साहेब उतरतात तोच मानीबाई गंजीवरून खाली आल्या आणि त्यांनी साहेबांच्या हातावर चेंडू ठेवला. “हे घ्या. तुमच्या मशीनचा पार्ट.”

साहेबांनी चेंडू ओळखला. पटर ओळखला. डबीही ओळखली, कारण तसलीच त्यांच्या कपाटात होती. प्रफुल्लला बाजूला घेऊन त्यांनी फक्त ‘कसं?’ एवढंच विचारलं, आणि प्रफुल्लनं पेल्यापासून गंजीपर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. कंपनीच्या नावावर असलं बोगस यंत्र चालतं हे कोणाला कळलं तर पुढचं पथक आपल्याच अभ्यासाला येईल, असं ते म्हणाले. आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर खरं सांग. “निस्तर. मग रविवारचं आणि बदलीचं बघू. अजून काही बिघडलेलं नाही.”

प्रफुल्ल वजनकाट्याच्या ओट्यावर चढला. आता त्याला बरं वाटत होतं. त्यानं सांगितलं, की हे मशीन नाही, ही खेळायची वस्तू आहे, ही लाईट कापसाचं काही मोजत नाही. प्रत आजवर या हातांनीच ठरवली आणि लाईट लावली तेव्हाही या हातांनीच ठरवली. मी चुकलो, माफ करा. उद्यापासून लाईट नाही. बोलताना त्याचे डोळे जरासे भरून आले, कारण एवढं खरं तो बऱ्याच वर्षांत सलग बोलला नव्हता.

 मग पंजाबराव उठले. गावोगावच्या सभांत पहिल्या रांगेत बसणारे ते गृहस्थ प्रफुल्लशी नाही, साहेबांशी बोलले.

“साहेब, तुम्ही आले अन् अर्ध्या तासात मानसाची भाषा बदलली.”

“अहो, तो खरं सांगतोय,” वझलवार साहेब म्हणाले.

“त्याच्या डोयात पानी हाये, थे दिसून राह्यलं आमाले. इतक्या सालात पह्यल्यांदा एक मशीन आली का जिच्यात सेटिंग नाही. अन् थे उचलाले तुम्ही नागपूरहून गाडी घेऊन आले.”

देवसिंगनं फाटक ओढून घेतलं. कोणी घोषणा दिली नाही. लोक नुसते खाली बसले, आणि त्यामुळे साहेब जास्त घाबरले. त्यांच्या गाडीच्या पुढं तीन बैलगाड्या आल्या आणि बैल सोडले गेले. साहेबांनी दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः पटर हातात घेऊन हा खेळ कसा खेळतात ते करून दाखवलं. त्यावर मागून एकजण म्हणाला, पाहा, यायलेबी चालवता येते, म्हंजे मशीन कंपनीचीच हाये.

पाच वाजता साहेबांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. पंजाबराव म्हणाले, लिहून पाहिजे. मशीन दिग्रसात राहील. आणि मशीन चालवणारा माणूसही इथंच राहील, कारण दुसरा आणून बसवला की तो सेटिंग करील.

कागद आला. पंजाबरावांना अक्षर सुवाच्य पाहिजे होतं, आणि अख्ख्या आवारात सुवाच्य अक्षर एकट्या प्रफुल्लचं होतं. त्याला खुर्ची देण्यात आली. पंजाबराव सांगत गेले आणि तो लिहीत गेला, की सदर ग्रेडर श्री. प्रफुल्ल देशकर यांची दिग्रस केंद्रावरून अन्यत्र बदली करण्यात येऊ नये.

“किती दिवस, थे नाही लिवलं,” मानीबाई म्हणाल्या.

पंजाबरावांनी विचार केला. मग त्यांनी सांगितलं, “सेवानिवृत्तीपर्यंत.”

प्रफुल्लनं साहेबांकडे पाहिलं. साहेब बैलांकडे पाहत होते. त्यानं ‘सेवानिवृत्तीपर्यंत’ लिहिलं, साहेबांनी सही केली आणि बबनरावांनी शिक्का मारला. फाटक उघडलं. साहेब गाडीत बसता बसता हळूच म्हणाले, रविवारी कमरेला पट्टा बांधून जुन्या जोडीदारालाच उभा करतो.

प्रफुल्ल खुर्चीवरून उठला नाही. त्याच्या डोळ्यांतून आता खरोखरच धार लागली होती आणि ती थांबवायला त्याला कारण सापडत नव्हतं. मानीबाई जवळ आल्या, पदराच्या टोकानं त्यांनी त्याचं तोंड पुसलं आणि मागं वळून सगळ्यांना सांगितलं, “पाहा रे. केवढा जीव हाये त्याचा दिग्रसवर.”