सोमवारचा चेंजओव्हर

सोमवारी सकाळी साडेआठला वैभवीनं कंप्युटरचं बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: सुरू करायला डिस्क सापडत नाही. सलग तिसरा सोमवार. मागचे दोन तिनं कपाळावर हात मारून निभावले होते, पण आज अकरा वाजता पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. त्यांना घरांच्या अंतर्गत सजावटीचे नकाशे करणारी माणसं हवी होती आणि वैभवीचे दोन वर्षांचे नकाशे याच डब्यात होते. घरबसल्या काम, पगार पुण्याचा आणि जेवण आईच्या हातचं. अशी नोकरी पुन्हा मानकापूरच्या गल्लीत चालत येणार नव्हती.

"काहून वं, बंद पडला का?" बाबांनी, म्हणजे मधुकररावांनी, दारातून विचारलं.

"बाबा, तुम्ही पेपर वाचा बरं."

मधुकररावांनी कोराडीच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं पंप सांभाळले होते. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी अंगातली ड्यूटी उतरली नव्हती. घरात लॉगबुक होतं. मोटर किती वाजता चालू केली, सिलिंडर कधी लावला, सगळं वेळेनिशी, सहीनिशी. घरात ज्या वस्तू दोन असतील त्यांना आठवड्याच्या पाळ्या लागलेल्या: दोन चष्मे, दोन चपलांचे जोड, गच्चीवरच्या दोन मोटरा. प्रेमिलाबाई म्हणायच्या, "बरं झालं, बायको एकच केली."

कंप्युटरमध्ये दोन एसएसडी डिस्क होत्या. एकीत विंडोज, दुसरीत वैभवीचं काम. तिनं बायोस, म्हणजे कंप्युटरची सुरुवातीची सेटिंग, उघडून पाहिलं, तर कंप्युटर आधी पहिल्या जागेवरची डिस्क पाहत होता, आणि तिथं विंडोज नाही म्हणून हात वर करत होता. दुसऱ्या जागेवरची आधी पाहा, असं तिनं त्याला बजावलं. तो सुरू झाला. जीव भांड्यात पडला. कंप्युटर बंद करून ती अंघोळीला गेली.

साडेनऊला नवा कुर्ता घालून बसते तर पुन्हा तीच अक्षरं!

"आत्ता तर चालू होता!" तिनं मागच्या गल्लीतल्या सौरवला फोन लावला. सौरव कंप्युटर दुरुस्त करायचा. तो धावत आला, डबा उघडला, बायोसमध्ये डोकावला. "ताई, क्रम उलटा झाला होता. मदरबोर्ड म्हातारा झाला, विसरून राहिला." त्यानं क्रम पुन्हा बदलला, कंप्युटर चालू झाला. मग डिस्कवर बोट ठेवून तो सहज म्हणाला, "ही वाली जरा गरम लागून राहिली."

"गरम?" मधुकरराव पेपरासकट उठले.

"थोडीशी, काका."

"पहिले थोडीशीच असते बाबू."

सौरवनं थंड व्हायला कंप्युटर बंद केला. तेवढ्यात प्रेमिलाबाईंनी दोघांना तर्री-पोहे खायला बसवलं. वैभवी दर मिनिटाला घड्याळ पाहत होती. दहा चाळीसला बटण दाबलं आणि पुन्हा काळा पडदा.

"मदरबोर्ड गेला, ताई," सौरवनं जाहीर केलं.

वैभवीला रडूच फुटलं. प्रेमिलाबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अवो, तुम्ही तर आता त्या डब्याशी बसले होते ना? लॉगबुकात लिहून राहिले होते."

वैभवीनं लॉगबुक ओढलं.

'७.१०: साप्ताहिक चेंजओव्हर. ड्यूटीवरची डिस्क आरामात, आरामातली ड्यूटीवर.
९.०५: नव्या डिस्कवर त्रास. परत चेंजओव्हर.
१०.२५: डिस्क गरम. तातडीचा चेंजओव्हर. आवाज नॉर्मल.'

"बाबा! दर सोमवारी दोन्ही डिस्कच्या केबला अदलून राहिले तुम्ही?"

"मंग? एकाच पंपाले रोज पळवलं तर तो बसते. आणि दुसरा पडून पडून जाम होते."

"ते पंप नाहीत!"

"दोन हायेत ना?"

सौरवनं काकांपुढे हात जोडले आणि बायोसकडे वळला. दहा बावन्नला कंप्युटर चालू झाला. वैभवीनं बाबांच्या खणातून त्यांचं वीजकेंद्रातलं जुनं लाल कार्ड काढलं. त्यावर छापलं होतं: 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली नाव, वेळ, सही करून तिनं ते डब्याला बांधलं आणि लॉगबुकातही लिहिलं. मधुकररावांनी सही तपासली. "आता कसं! याले म्हणतात काम."

मुलाखत छान झाली. कंप्युटर बंद करून, कार्ड तसंच ठेवून वैभवी मुलाखतीसाठी बोललेला नवस फेडायला रामटेकच्या बसमध्ये बसली. कन्हानच्या पुलाजवळ कंपनीचा फोन आला: शेवटचा नकाशा अडीचच्या आत पाठवा, त्याच्यावरच ठरेल. तिनं घाईघाईनं घरी फोन लावला.

"बाबा, मी कन्हानच्या पुलाजवळ आहे. अडीचच्या आत नकाशा पाठवायचा आहे, कंप्युटर चालू करा. मी सांगते तसं करा."

"जमत नाही. कार्ड लागलं हाये."

"मीच लावलं ना ते! सौरवले बोलवा."

"सौरवची सही हाये का त्याच्यावर? ज्यानं लावलं त्यानंच काढावं लागते."

"बाबा, माझी नोकरी जाईन!"

मधुकरराव हळूच म्हणाले, "पोरी, पंपात हात घातला असताना बाहेरून कोणी बटण दाबलं नाही, म्हणून माहे दोन्ही हात शाबूत हायेत. ते कार्ड मी नाही काढत. तू पुलापाशी उतर. मी निघालोच."

ताशी चाळीसच्या वर स्कूटर न नेणारा माणूस पस्तीस मिनिटांत कन्हानला पोचला. परतताना मागे बसलेली वैभवी घड्याळ पाहत होती आणि बाबा प्रत्येक ट्रकला नावं ठेवत होते. दोन वीसला तिनं कार्ड काढलं, वेळ लिहिली, सही केली. दोन सव्वीसला नकाशा गेला.

संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला. वैभवीनं आईला धरून घरभर नाचवलं, दोघींचा आरडाओरडा गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मधुकरराव मात्र खुर्चीत बसून लॉगबुकात काहीतरी लिहीत होते. डोळे पुसायला चष्मा काढून ते आत गेले, तेव्हा वैभवीनं वाकून वाचलं.

'५.४०: शेवटचा चेंजओव्हर. वैभवी ड्यूटीवर, मधुकर आरामात. आवाज नॉर्मल.'