साळूआत्या आणि ऐतिहासिक पिसं

एका जंगलात साळूआत्या नावाची एक साळिंदर राहायची. नकाशात शोधू नका बाळांनो, ते जंगल सापडायचं नाही.

राजाच्या बाणांची झिजलेली पिसं बदलणं हे आत्याचं काम. जुनं पीस सुरीने खरवडून काढायचं, डिंक पुसायचा, नवी तीन पिसं चिकटवून दोऱ्याने बांधायची. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत, नाहीतर बाण भरकटतो. हे फक्त तिलाच कळायचं. बाकीच्यांना वाटायचं, बाई दिवसभर डिंक लावत बसते.

दर उन्हाळ्यात पलीकडच्या जंगलाशी नेमबाजीचा सामना व्हायचा. जो जिंकेल, त्याचा पाणवठा. गेल्या वर्षी आपलं जंगल हरलं. मग काय, चार महिने सगळे तीन कोस चालून पाणी प्यायचे. आत्याची पिल्लंसुद्धा.

हरण्याचं कारण साधं होतं. सामन्याच्या तीन बाणांची पिसं पार झडत आली होती. पण ती काढायला बंदी होती. त्याच बाणांनी म्हणे गवेराजांच्या पणजोबांनी पहिल्यांदा पाणवठा जिंकला होता. एकदा आत्याने नुसती सुरी उचलली, तर निम्म्या जंगलाच्या भावना दुखावल्या. उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या दिवशी मोर्चात कळलं, की आपल्याही दुखावल्यात.

यंदा ती प्रधान तरसोपंतांकडे गेली. एवढी तीन बाणांची पिसं बदलू द्या, म्हणून तिने हातापाया पडून विनवलं. तरसोपंत हसले. तरसाला दुसरं येतं काय?

"आत्या, पिसं झिजलेली नाहीत," ते म्हणाले. "तुमची श्रद्धा झिजलीय."

आत्या तोंड पाडून घरी आली. पण पिल्लांचे फुटलेले ओठ तिला बघवेनात. भर दुपारी, अख्खं जंगल वामकुक्षी घेत असताना, ती शस्त्रागारात शिरली. गिधाडांच्या कड्याखालून गोळा केलेली नवीकोरी पिसं तिने बसवली. मग ती धुरावर धरली, धुळीत मळवली. चांगलं काम वाईट दिसावं म्हणून बिचारीला दुप्पट राबावं लागलं.

सामना झाला. हुप्पाजी वानराने तीन बाण सोडले आणि तिन्ही फांदीला टांगलेल्या बेलफळात घुसले. पाणवठा मिळाला. पिल्लं पोट तट्ट फुगेपर्यंत प्यायली. ते पाहून आत्याला रडूच आलं.

संध्याकाळी सभा भरली. गवेराजांनी बाण मस्तकाला लावले.

"पिसं बदला म्हणणारे कुठायत आता?" ते म्हणाले. "पणजोबांच्या काळापासून बदलली नाहीत, तरी बाण सुतासारखा सरळ गेला. मग पिसं बदलणारी तरी कशाला पोसायची?"

आत्याचं पद तिथल्या तिथे रद्द झालं.

खरं सांगावं, तर पिसं काढली म्हणून हद्दपारी. न सांगावं, तर काम गेलेलंच. आत्याने पाणवठ्यात डुंबणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं, आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.

तात्पर्य : काम चोख करावं, पण चारचौघांना दिसेल इतपत बिघडवूनही ठेवावं. चोख कामाचं श्रेय पणजोबांना मिळतं. बिघडलेल्या कामाला मात्र पगारी माणूस लागतो.