घाडीमामांचा रेनेसान्स

ऑगस्टमधल्या शारजात संध्याकाळी काळा कोट चढवून बसणारा माणूस पृथ्वीवर एकच: आमचे घाडीमामा. रोल्ला भागातल्या आमच्या खोलीत सहा माणसं, सहा पलंग आणि एक एसी, तोही फक्त आवाजापुरता. मामांच्या कोटातून निथळलेला घाम खोर फक्कानच्या बंदरात सोडला असता, तर भरती येऊन दोन जहाजं रस्त्यावर आली असती.

मामा स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांच्या बांधणाऱ्यांचे, फोरमन. दिवसभर बाराव्या मजल्यावरून "यल्ला, पाइप आडवा घे!" म्हणून ओरडायचं, खोलीवर आले की आंघोळ, केसांचा भांग, लग्नातला कोट आणि मांडीवर विटेएवढं इंग्रजी पुस्तक. विषय, रेनेसान्सचे, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाचे लेखक.

"मामा, कोट काढा, शिजाल."

"मेल्या, बनियनवर बसू? मंडळी कुठली आल्येत बघ. फ्लॉरेन्सची!"

फ्लॉरेन्सचा कुणी मुत्सद्दी म्हणे हद्दपार झाला होता. दिवसभर चिखलात राबायचा आणि संध्याकाळी दरबारी कपडे घालून जुन्या ग्रंथकारांशी गजाली करायचा. हे वाचलं आणि मामांनी बॅगेतून कोट काढला. "आपल्यातलाच तो. फक्त त्याला आपलं शहर लांबून दिसायचं तरी."

बाकीच्या लेखकांनाही मामांनी साइटवर भरती करून टाकलं होतं. स्पेनचा कादंबरीवाला एका हाताने अधू, त्याला लाइट ड्यूटी. फ्रेंच निबंधवाला मनोऱ्यात बसून स्वतःबद्दलच लिहायचा, म्हणजे जन्मजात सेफ्टी ऑफिसर. इंग्रज नाटकवाला कामाला वाघ, "पण सही दर वेळी वेगळी. टाइमकीपर त्याला एक दिवस ठेवणार नाही."

या सगळ्याचं मूळ म्हणजे सायली, मामांची मुलगी. मामा इकडे आले तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता सावंतवाडीला इंग्रजीत एम.ए. करते. दर रविवारी फोन, आणि दोन मिनिटांत "ठेवू, बाबा?" एका रविवारी मामांनी विचारलं, "काय शिकतेस गो सध्या?"

"रेनेसान्स लिटरेचर. तुम्हाला नाही कळणार, बाबा."

पोर मायेनंच म्हणाली, पण त्या दुपारी मामांनी ताटातल्या सुरमईला हात लावला नाही. दुसऱ्याच दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ती वीट खोलीत आली.

मामा आठवी पास, मी बी.कॉम.; म्हणजे खोलीचं विद्यापीठ मीच. एकदा त्यांनी विचारलं, "सॉनेटला, म्हणजे आपल्या सुनीत कवितेला, चौदाच ओळी का रे?" मला कुठलं माहीत? पण 'माहीत नाही' म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

"बदकाचं पीस, मामा! एकदा शाईत बुडवलं की चौदा ओळी. पुढे खलास."

रविवारी मामांनी स्पीकरवर हे सायलीला ठणकावून सांगितलं. पलीकडून, "बाबा, नो! कुणी सांगितलं तुम्हाला?" आणि पोरगी पाऊण तास सुनीत समजावत बसली.

मला चेव आला. पुढच्या रविवारी मी पुरवलं की त्या नाटकांत बायकांची कामं पुरुष करायचे, कारण बायका सगळ्या तिकिटाच्या रांगेत. तो फोन तासभर चालला. त्याच्या पुढच्या रविवारी शोकांतिका: शेवटी सगळे मरतात, कारण नटांना शेवटची बोट पकडायची असते. सव्वा तास!

मग मात्र मनाला टोचायला लागलं. त्या आठवड्यात सायलीची तोंडी परीक्षा झाली. एवढी शिकलेली मुलगी, आणि माझ्यापायी तिला बाप अडाणी वाटणार. शनिवारी मी मामांचे पाय धरले. "मामा, पीस, रांग, बोट, सगळ्या थापा हो!"

मामांनी शांतपणे पुस्तक उघडून पुढे केलं. समासात पेन्सिलीनं, मराठीत, सुनीताची खरी हकीकत बारीक अक्षरांत उतरवलेली होती.

"पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग तिला चुकीचं का सांगता?"

मामांनी कोटाची बटणं सोडली, परत लावली.

"बरोबर सांगितलं की 'हो बाबा' म्हणते नि ठेवते रे. चुकलो की शिकवत बसते."

मग त्यांनी पेन्सिल कानावरून काढली.

"उद्या रविवार. परीक्षा झाली तिची, मोकळी आहे. या वेळी दोन तासांची थाप दे."