उचला, ठेवा, सोडा

शेषरावकाकांना वेबसाइटबद्दल काहीही विचारा, ते आधी स्वयंपाकघरातून भांडी आणतात. खाटेवर मांडतात. ताट म्हणजे फोटो, वाट्या म्हणजे मजकूर, डब्याचं झाकण म्हणजे बटण. मग विचारणाऱ्याच्या हातात वाटी देऊन म्हणतात, "उचला, ठेवा, सोडा. झालं."

मोताळ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. काका शेजारी, एकटेच राहतात, कापसाच्या जिनिंग कारखान्यातून रिटायर झालेले. पुण्यातल्या मुलीनं लॅपटॉप पाठवला आणि चित्रं सरकवून वेबसाइट बनवायची विद्या फोनवर शिकवली. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी लोक माझ्या दारावरून त्यांच्याकडे जातात. मी कोड लिहून वेबसाइट करतो, पण माझ्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही.

प्रश्न तेच ते. मोबाइलवर फोटो फाकतो काऊन? चुकलं तर मागं येता येतं का? लोकाले केव्हा दिसन? काका प्रत्येक प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकतात आणि वर चहा पाजतात. गर्दी झाली की कप पुरत नाहीत, मग एखाद्याला मजकुरातूनच चहा प्यावा लागतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा माणूस शेजाऱ्याच्या पानातली जिलबी उजवीकडे सरकवून म्हणतो, "आता पान भरल्यावानी दिसते."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझी बायको सुनीता आपल्या पापडांच्या वेबसाइटसाठी त्यांच्याकडे जायला लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. जेवताना काका, झोपताना काका. घरात कॉम्प्युटरचा मास्तर असताना शेजारी कशाला, असं मी विचारलंच.

"तुमाले विचारलं का तुमी माउस हातातून घेता," ती म्हणाली. "काका हात नाही लावत."

मला तिनं विचारायला हवं होतं, बाकी काही नको होतं.

त्या दिवशी तिच्या पापडाचा फोटो मोबाइलवर इतका फाकला, की पडद्यावर नुसते जिरे दिसत होते. तो काकांकडे जाऊन तिनं नीट करून आणला. संध्याकाळी मी भांडायच्या तयारीनंच त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं. काका पाठमोरे बसून, स्पीकर लावून फोनवर बोलत होते.

"फोटो मोबाइलवर फाकून राह्यला वं बाई. काय करू?"

मला आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. म्हणजे काकांना काहीच येत नव्हतं!

"बाबा, कालच त सांगतलं," मुलीचा आवाज आला.

"इसरलो वं. पहिल्यापासून सांग."

ती सांगू लागली. लॅपटॉप कोपऱ्यात, मिटलेला. काका खाटेवरचं ताट हलकेच फिरवत होते आणि ऐकत होते. मधेच "हाव", मधेच "मंग?". ती थांबली तेव्हा घाईघाईनं म्हणाले, "आन् चुकलं त मागं कसं येतेत?"

मी चपला हातात घेऊन परत फिरलो. हेच तर त्यांनी त्याच दिवशी सुनीताला शिकवलं होतं. भांडण तसंच राहिलं. हेवा मात्र वाटतच होता.

घरी सुनीता पापड लाटत होती. मी लॅपटॉप उघडला, चांगला बसलेला फोटो मुद्दाम फाकवला आणि माउस तिच्याकडे सरकवला.

"हा काऊन असा झाला वं? मले नाही जमून राह्यलं."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली.