डोळे उघडे ठेवा!

आमच्या कॉलनीतल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा. नवरा दचकलेला, नवरी दचकलेली, करवल्या दचकलेल्या, आणि मागे उभे असलेले मामा तर घरात चोर शिरल्यासारखे बघताहेत. परक्या माणसाला वाटावं, या मंडळींना लग्नाची एवढी धास्ती का? धास्ती लग्नाची नाही हो, पिंगळेतात्यांची.

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, की त्याच्या खांद्यामागून तात्यांचा खणखणीत आवाज यायचा, "डोळेऽऽ! डोळे उघडे ठेवा!" वर बोट दाखवून एकेकाचा उद्धार. "ओ जावईबापू, झोपले का काय?" आता असं कुणी ओरडल्यावर माणूस दचकणार नाही तर काय करेल?

तात्या आमचे शेजारी. नव्वदच्या सुमारास मखमलाबाद रस्त्याला आमची कॉलनी झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा तिथे होता. कॉलनीतल्या प्रत्येक कार्याला हार-तोरणं त्यांच्याकडची. त्यामुळे आमंत्रण असो नसो, तात्या हजर. एकदा एका फोटोग्राफरने वैतागून त्यांना सुनावलं, "काका, तुम्ही तुमच्या फुलांचं बघा." तात्या म्हणाले, "फुलं उद्या सुकत्याल बाबा. तुझा फोटो र्‍हाईल. त्यात डोळे मिटले तर उघडनार कोन?"

दुसरी खोड अल्बमची. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी अल्बम मागायचे. पुढची माणसं सोडून द्यायची आणि मागची बायकांची गर्दी नाकाला फोटो लावून बघायची. समोरच्या जोशीकाकूंनी मला एकदा कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "अगं, म्हातारा बायका बघतो." मला असा राग आला म्हणता! कारण म्हातारा एकच बाई शोधत होता, आणि ते मला ठाऊक होतं.

तात्यांची बायको, यमुनाबाई. आम्ही राहायला आलो त्यानंतर थोड्याच वर्षांनी काविळीने गेली. दहाव्याला फोटो हवा, आणि घरात तिचा एकटीचा फोटोच नाही. पुतण्याच्या लग्नातला गर्दीतला एक सापडला, त्यात नेमके डोळे मिटलेले. स्टुडिओवाल्याने चेहरा मोठा करून दिला आणि वरून ब्रशने डोळे काढले. टपोरे, काजळ घातलेले, देवीच्या मूर्तीला असतात तसे. आल्यागेल्याने म्हणावं, "काय छान आलाय हो फोटो!"

एकदा त्या फोटोला हार घालता घालता तात्या मला म्हणाले, "वैनी, ही बाई कोन हाय, मला ठाऊक नाय. कुंकू आमचं, लुगडं आमचं. डोळे स्टुडिओवाल्याचे."

"मग उतरवून ठेवा ना."

"आता कशी उतरवू? एवढे दिवस हार घालतोय, तिला काय वाटंल?"

मला हसू आलं. खरं दुखणं त्यांनी मग हळूच सांगितलं. रोज तेच रंगवलेले डोळे बघून बघून त्यांना आपल्या बायकोचे डोळे आठवेनासे झाले होते. हार पोचवायला यमुनाबाईही कार्याच्या घरी यायच्या. कुणाच्या तरी फोटोत, मागे कुठेतरी, ती डोळे उघडे ठेवून उभी असेल, एवढ्या आशेवर हा माणूस घरोघरी चहा थंड करत बसायचा. आमचेही सगळे अल्बम चाळून झाले होते. कुठेच नव्हती.

मग पुष्कळ वर्षांनी माझ्या लेकीचा पदवीचा फोटो फ्रेम करायचा निघाला. नवी फ्रेम आणायला आमचे हे तयार होतील तर शपथ! "हॉलमधली जुनी आहे की, तिच्यातच घाल." मी फ्रेमचे खिळे उचकटले, पुठ्ठा काढला, तर आमच्या महाबळेश्वरच्या फोटोमागे आणखी एक फोटो. आमच्या वास्तुशांतीचा. जुन्यावर नवा चढवायची यांची सवय तेव्हापासूनची! होमापुढे आम्ही दोघं, धुराने हैराण. मागे दाराच्या चौकटीत स्टुलावर चढलेल्या कुणाचे तरी गुडघ्यापर्यंतचे पाय, वरचा माणूस फोटोबाहेर. आणि ते स्टूल धरून, मान वर करून उभ्या यमुनाबाई. डोळे उघडे. चांगले वटारलेले.

मी चपलासुद्धा न घालता मळ्यात पळाले. तात्या शेवंती तोडत होते. फोटो हातात घेतला आणि तिथेच बांधावर बसले. नाकाला लावून बघितला. मग एकदम हसायलाच लागले. "तुमचं तोरन बांधत व्हतो मी, वैनी. तिरपं झालं, तिरपं झालं म्हनून लय कावली व्हती. दिवसभर बोलली नाय माझ्याशी." हसता हसता रडायला लागले, आणि मीही शेजारी बसून मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन रविवार कारंजाजवळच्या एका स्टुडिओत गेले. तिथे आता कॉम्प्युटर आला होता. फोटोतला चेहरा नखाएवढा, पण स्टुडिओवाला हुशार निघाला. पडद्यावर यमुनाबाई मोठ्या होत गेल्या, तसे तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले.

"झकास येईल आजोबा," स्टुडिओवाला म्हणाला. "फक्त हे मध्येच कुणाचे तरी पाय आलेत, ते काढून टाकतो. मागे छान निळा पडदा देतो."

"पाय नको काढू."

"अहो, चांगलं नाही दिसत ते. चिखलाने भरलेत."

"र्‍हाऊ दे बाबा," तात्या म्हणाले. "ते काढले तर ती बघंल कोनाकडं?"